पाक, दाणे आणि भट्टी

माझ्या टेबलाच्या खणात पितळी कुंकवाच्या डबीत एक चकती आहे. आकाराने शर्टाच्या बटणाएवढी, रंग काकवीसारखा, उजेडाकडे धरली तर कडेला जरा मधाळ. कुणाला दाखवली की पहिला प्रश्न ठरलेला : "चिक्की आहे का?" दुसराही ठरलेला : "एवढ्यासाठी सात वर्षं?" दोन्हींना माझं उत्तर एकच, जवळजवळ हो.

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या घालवून पीएच.डी. केली ती या चकतीवर. तिच्यात दोन वस्तू आहेत. एक धातू-सेंद्रिय सांगाडा, ज्याला आम्ही सगळे नुसतं 'मॉफ' म्हणतो. धातूच्या अणूंच्या गाठी, त्यांना जोडणाऱ्या सेंद्रिय रेणूंच्या काड्या आणि मधे भरपूर मोकळी जागा. दुसरी वस्तू काच, पण ती वाळू वितळवून केलेली नाही. दुसराच एक मॉफ वितळवून गार केला की होते ती. या काचेत सच्छिद्र स्फटिक बसवायचे, असा हा संकर. केंब्रिजच्या टॉमस बेनेट यांच्या गटाने तो २०१९ मध्ये जगासमोर ठेवला. पुढे २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना मॉफसाठी मिळालं, आणि तेव्हापासून पोरं येऊन विचारतात, "मॅडम, आम्हालाही यात करायचंय, काय काय लागेल?" त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते. पुस्तकात सापडेल ते गाळलंय. हात भाजून कळलं तेवढंच आहे.

१. हे हवंय कशाला, ते आधी स्वतःला विचारा

मॉफ म्हणजे भुकटी, टाल्कम पावडरसारखी. कागदावर तिची कीर्ती मोठी. मिल-५३ नावाच्या ॲल्युमिनियमच्या मॉफच्या एका ग्रॅमच्या पोटात सुमारे ११०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. आपल्या गावच्या हिशोबात सांगायचं तर दीड बाय सव्वादोन मीटरच्या सव्वातीनशे सोलापुरी चादरी, चिमूटभर पुडीत घड्या घालून ठेवलेल्या. पण ही भुकटी नळीत भरून तिच्यातून वायू सोडून बघा. एक तर नळी चोंदते, नाहीतर भुकटीच वायूबरोबर चालू पडते. दाबून गोळी करावी तर फार दाबाने आतली छिद्रं मिटतात. डिंकासारखं काही घालून बांधावी तर तो डिंकच छिद्रांत शिरून बसतो. म्हणून काच : स्फटिकाच्याच गोत्रातली, त्याच्याभोवती घट्ट बसणारी, आणि स्वतःही थोडीफार सच्छिद्र.

एवढं चार ओळींचं उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली. तोवर कुणी विचारलं की मी 'नॅनो' म्हणून वेळ मारून नेत होते. तसं करू नका. आणि उगाच मोठ्या बाताही मारू नका. माझ्या चकतीने आजवर एकही कारखाना चालवलेला नाही. तरी या वाटेवर काय घडू शकतं ते २०२१ मध्ये क्वीन्सलंडच्या जिंगवेई होऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. ओल लागली की पिवळं पडून निकामी होणारं शिसंयुक्त पेरोव्स्काइट त्यांनी याच जातीच्या काचेत कोंडलं, आणि ते पाण्यातही चमकत राहिलं.

२. आईला पाक करताना बघा

हा सल्ला मी गंमत म्हणून देत नाही. संक्रांतीच्या आधी आमच्याकडे शेंगदाण्याची चिक्की होते. सोलापूरचं घर म्हटल्यावर शेंगा मुबलक. चटणीला जातात त्यातूनच चिक्कीचे बाजूला काढायचे. आई गूळ कढईत वितळवते, पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघते. थेंब पसरला तर अजून वेळ आहे. गोळी झाली आणि ती ताटलीवर टणकन वाजली की गॅस बंद. त्या आवाजात अख्खं काचशास्त्र आहे. गार झालेला तो पाक म्हणजे काचच : आतले रेणू द्रवात होते तसेच विस्कटलेले, फक्त जागच्या जागी गोठलेले. ते शिस्तीत रांगेने बसले असते तर त्याची साखर झाली असती. साखरेचा पाक असला की आई त्यात लिंबाचे दोन थेंब पिळते, 'पाक साखरू नये म्हणून'. लिंबाने थोड्या साखरेचे तुकडे होतात, आणि लहानमोठे रेणू एकत्र असले की रांग लागणं अवघड जातं.

आता माझी काच बघा. तिचं नाव झिफ-६२. जस्ताच्या गाठी, आणि जोडकाड्या दोन प्रकारच्या : लहान इमिडाझोल आणि अंगाने थोराड बेंझिमिडाझोल. नुसत्या इमिडाझोलचा झिफ-४ वितळायला ५९० अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि तिथे तो जळून जाण्याच्या काठावर असतो. थोराड काड्या थोड्या मिसळल्या की वितळणं ४४० च्या जवळ येतं, आणि गार करताना द्रव पुन्हा स्फटिक व्हायचं नाव घेत नाही. हे वाचून मी आईला म्हटलं, "तुझं लिंबू सापडलं." ती म्हणाली, "मग इतके दिवस काय शोधत होतीस?"

खरा धडा मात्र पुढचा. माझ्या पहिल्या चकत्यांत काच आणि स्फटिक एकमेकांना धरतच नव्हते. नखाने दाबलं की स्फटिकाची पूड वेगळी, काचेचे कण वेगळे. मी तापमान वाढवलं, वेळ वाढवला, काही फरक नाही. त्या जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली होती. यात्रेतून आल्यावर दमलेली मी आईला मदत म्हणून फडताळातले दाणे तसेच पाकात ओतले. आई ओरडली, "अगं, गार दाणे घातलेस तर पाक तिथंच थिजतो! गरम करून घालायचे, आणि सालं काढून. सालाला पाक धरत नाही." ती चिक्की खरंच दाण्याच्या कडेकडेने फुटली. दाणा निघाला की मागे गुळाचा साचा तसाच राहायचा.

मी सोमवारी जाऊन दोन्ही भुकट्या आधी एकत्र, बॉल मिलमध्ये, बारीक कुटून घेतल्या, दाबून चकती केली आणि मग ती भट्टीत घातली. वितळायच्या आधीच कण कणाला चिकटून हवा, हे शोधनिबंधात एका वाक्यात लिहिलेलं होतं. मी ते वाक्य निदान तीसदा वाचलं असेल. त्याचा अर्थ मला कढईपाशी कळला. असल्या जोडपदार्थाची लायकी सांध्यावर ठरते. काच किती चांगली, स्फटिक किती चांगला, हे दोन वेगळे निबंध झाले. दोघं जिथे भेटतात तिथे बघायला शिका.

३. पोट रिकामं केल्याशिवाय भट्टीत घालू नका

सालाचंच दुसरं रूप. मिल-५३ तयार होतो तेव्हा त्याच्या छिद्रांत टेरेफ्थॅलिक आम्ल अडकून राहतं. (हेच आम्ल पॉलिएस्टरचा कच्चा माल आहे, त्यामुळे ते आपल्या गावाला परकं नाही.) ते काढायला भुकटी ३३० अंशांवर तीन दिवस तापवायची असते. मी एकदा दीड दिवसात उरकलं. झिफ-६२ मधलं द्रावकही पुरतं काढलं नव्हतं. भट्टीतून चकती निघाली ती पुरीसारखी फुगून, अंगावर फोड घेऊन. ती मी फेकली नाही. पहिल्या तासाला वर्गात दाखवते.

४. दोन तापमानं भिंतीवर लिहा

काच कधी वितळते आणि स्फटिक कधी मरतो. या दोन आकड्यांच्या मधे जी फट असते तेवढंच आपलं राज्य. मला हे माहीत होतं, म्हणजे परीक्षेत लिहिता आलं असतं. तरी मी तांब्याचा एचकस्ट-१ नावाचा मॉफ घेऊन बसले, कारण तो करायला सोपा, स्वस्त, आणि दिसायला सुंदर निळा. त्याचा सांगाडा ३५० अंशांपर्यंतसुद्धा नीट टिकत नाही, आणि मी त्याला ४५० अंशांच्या द्रवात बुडवायला निघाले होते. भट्टीची नळी उघडली तर आत काळी खापरी आणि तिच्यावर तांब्याची लालसर झाक. सहा महिने गेले. मिल-५३ पाचशेच्या घरात तग धरतो, त्याच्यावर तेव्हाच यायला हवं होतं. सोपं मिळतंय म्हणून निवडलेला पदार्थ आणि सोयीचं पडतंय म्हणून निवडलेलं स्थळ, दोन्हींचा पश्चात्ताप सारखाच होतो असं आमच्या स्टाफरूमचं मत आहे.

५. वेल्डिंगवाल्याचं ऐका

मॉफ हवेत तापवला की जळतो. त्यामुळे सगळं आर्गॉनमध्ये करायचं. इथपर्यंत ठीक. पण एका प्रयोगशाळेत भट्टी वापरायला मिळाली तिथे चार चकत्या ओळीने काळ्या निघाल्या, आणि दोष माझ्या रसायनांना दिला गेला. मीही मान्य केला. बेंझिमिडाझोल बदललं, पुन्हा पैसे घातले.

आर्गॉनचं सिलिंडर मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टिग वेल्डिंगवाल्याच्या ओळखीने आणत होते. दुसरं सिलिंडर इतक्या लवकर संपलेलं बघून ते म्हणाले, "मॅडम, एवढा गॅस तर मी पण जाळत नाही. तुमचा कुठनं तरी जातोय बघा. साबणाचं पाणी लावा की." मी भांडी घासायच्या साबणाचा फेस केला आणि नळीच्या दोन्ही टोकांच्या जोडांना लावला. डाव्या जोडावर बुडबुड्यांचा गजरा झाला. आर्गॉन बाहेर जात होता म्हणजे भट्टी गार होताना त्याच वाटेने हवा आत येत होती. पाच रुपयांचं रबर बदललं. त्यांनी आणखी एक सांगितलं : बाहेर पडणारी नळी पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले तर भट्टी बंद करा. आजही माझ्या वहीत प्रत्येक प्रयोगाच्या वर 'मिनिटाला बुडबुडे' असा रकाना आहे. प्रबंधात मी त्यांचे आभार मानले आहेत.

६. पीक बुडालं म्हणून रडू नका

शेतकऱ्यांच्या पोरांना एक्सआरडी शिकवताना 'पीक' शब्दावर वर्गात हशा ठरलेला. क्ष-किरण स्फटिकावर पडले की आलेखावर टोकदार पिकं उभी राहतात. काचेला ती नसतात, नुसता एक लोळलेला डोंगर येतो. माझी पहिली धड चकती तपासायला बाहेरगावी दिली. तिथला तंत्रज्ञ फोनवर म्हणाला, "मॅडम, तुमचं सँपल अमॉर्फस झालंय, पैसे वाया गेले." पावणेदोन वर्षांचं काम. मी रिक्षात बसून रडले.

कागद हातात आला तेव्हा रात्री नीट बघितला. डोंगर होता, तो असायलाच हवा, तीच तर काच. पण डोंगराच्या अलीकडे एक बारीक काडी उभी होती, नऊ अंशांच्या थोडी अलीकडे. ती कोणती हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. मिल-५३ श्वास घेतो. गरम असताना, कोरडा असताना त्याची दारं उघडी असतात. गार झाला, हवेतलं पाणी प्याला, की सांगाडा दुमडतो आणि त्याचं आकारमान सुमारे एक तृतीयांशाने घटतं. उघड्या रूपाची पहिली रेघ नऊच्या अलीकडे येते, मिटलेल्याची पलीकडे. माझी चकती आठवडाभर साध्या डबीत, साध्या हवेत होती. नियमाप्रमाणे स्फटिक मिटलेला असायला हवा होता. तो उघडाच होता. भोवतीच्या काचेने त्याला मिटूच दिलं नव्हतं.

बेनेट यांच्या गटाने २०१९ मध्ये हेच छापलं होतं, म्हणजे यात माझा शोध काहीच नाही. पण छापलेली गोष्ट आपल्या हातून घडते तेव्हा काय वाटतं ते सांगता येत नाही. आईला उठवून सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे दाणा फुगलेला राहिला?" मी हो म्हटलं.

एक गोष्ट लपवू नका : काच आपला वाटा खाते. तेवढ्याच वजनाची नुसती मिल-५३ भुकटी चकतीपेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड धरते. स्फटिक वाढवत जावं तर माझ्या हातून तरी निम्म्याच्या पुढे चकती ठिसूळ होते. दाणे फार आणि गूळ कमी, तशी.

७. वीज गेली तर गेली

भट्टीतून चकती गरम असतानाच काढायची माझी खोड. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच पुसताना आजी बजावायची, "गरम काचेला ओला हात लावू नकोस," आणि मी लावला होता, आणि ती तडकली होती. तरी शिकले नाही. काच एका मापाने आकसते, स्फटिक दुसऱ्या. घाईने गार केलं की भांडण होतं आणि चकतीला चीर जाते. एका मे महिन्यात, बाहेर ४४ अंश, ऐन ४५० वर वीज गेली ती रात्रीपर्यंत आली नाही. मी बुडबुडे मोजत भट्टीशेजारी बसून राहिले. भट्टी आपली आपण, तिच्या चालीने निवली. सकाळी निघालेली चकती पहिल्यांदा अखंड होती. आता ३०० अंशांवर, म्हणजे काच मऊ पडते त्याच्या जरा खाली, अर्धा तास थांबते आणि मग भट्टी बंद करून घरी जाते.

८. कोरड्या हवेची फुशारकी नको

जळलेला एचकस्ट-१ एका कामाला आला, म्हणजे न जळलेला उरलेला. तो कोरडा असला की गडद निळा-जांभळा, ओल प्याला की फिका आकाशी. मी एक चिमूट काचपट्टीवर ठेवून खिडकीत ठेवली. मे महिन्यात तापवून ठेवलेली पट्टी बराच वेळ गडद राही; ऑगस्टमध्ये रजिस्टरवर सह्या होईपर्यंत फिकी. सोलापूरची हवा मॉफला मानवते यात शंका नाही. पण इथे टिकलेला नमुना मुंबईच्या जुलैत टिकेलच असं लिहू नका. मी लिहिलं होतं. परीक्षकांनी खोडलं, बरं केलं.

९. एकदा कोल्हापूरची काच बघा

२००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं. त्याआधी आमची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. एम.एस्सी.ला असताना मी कामासाठी तिथे गेले आणि भौतिकशास्त्र विभागात एका दारावर पाटी वाचली : एअर ग्लास लॅबोरेटरी. हवेची काच! आत ए. व्यंकटेश्वर राव यांच्या गटाचं सिलिका एरोजेलवर काम चाले. अमेरिकेत किस्लर यांनी १९३१ मध्ये पहिल्यांदा केलेला हा पदार्थ : सिलिकाचं जाळं, आणि बाकी जवळजवळ सगळी हवा. एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला गेला. हातावर काही ठेवलंय हे डोळ्यांना दिसत होतं, हाताला कळत नव्हतं. काळ्या कापडासमोर निळसर धूर, उजेडासमोर धरला तर पिवळट. त्याच्यावर टाकलेला पाण्याचा थेंब अळूच्या पानावरून जावा तसा घरंगळला. मी न राहवून बोटाने दाबलं. बारीक 'कट्' असा आवाज आला आणि दोन तुकडे झाले. कुणी रागावलं नाही, हे मला अजून आठवतं.

पुढे २००६ मध्ये त्याच गटाने वाकणारा एरोजेल छापला. युक्ती ऐकायला साधी. सिलिकॉनला चार हात. चारही हात एकमेकांत गुंतले की जाळं ताठ आणि ठिसूळ. त्यांनी घेतलेल्या रेणूत एका हाताला मिथिल गट होता, जो कुणालाच धरत नाही. तीन हात धरलेले, एक मोकळा. जाळं सैल झालं, वाकायला लागलं, आणि पाण्यालाही दूर ठेवायला लागलं. मी तेव्हा विद्यार्थिनी होते, मॉफ हा शब्दही ऐकला नव्हता. पण काच आणि पोकळी एकाच वस्तूत नांदतात हे मी केंब्रिजच्या निबंधात वाचायच्या कितीतरी आधी, एसटीने एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर, हातात धरून बघितलं होतं. विद्यार्थ्यांना परदेशी निबंध द्या, जरूर द्या. आधी आपल्या बाजूला काय झालंय ते दाखवा.

१०. भट्ट्या उघडा

हे विद्यार्थ्यांना नाही, माझ्या वयाच्या मंडळींना. मला या कामाला लागलेली नळी-भट्टी सात वर्षांत तीन वेगवेगळ्या ठिकाणी मागावी लागली, आणि तीनपैकी दोन ठिकाणी तिच्यावर कापड घालून, वर फुलदाणी ठेवलेली होती. अनुदानातून आलेली वस्तू बिघडली तर कोण उत्तर देणार, ही भीती मला समजते. पण सोलापूर, बार्शी, पंढरपूर, सांगोला, जिथे कुठे अशी झाकलेली भट्टी असेल त्यांनी महिन्यातून दोन दिवस ती बाहेरच्या पोरांना द्यावी. आर्गॉन त्यांचा ते आणतील. साबणाचं पाणी मी शिकवीन.